कोकमाचं मोजमाप

बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांमध्ये, परदेशी जाणारे खाद्यपदार्थ तपासणारी एक छोटी लॅब आहे. धनेश तिथे केमिस्ट म्हणून लागला तेव्हा एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. त्याला फिका गुलाबी रंग दिसत नसे. लाल-हिरव्यातही त्याची गल्लत व्हायची. आणि लॅबचं निम्मं काम रंगावरच चालायचं. पदार्थात आम्ल किती ते काढायचं, तर फ्लास्कमधल्या नमुन्यात ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून अल्कली थेंबाथेंबाने सोडायची. आम्ल संपलं की नमुन्यात घातलेल्या सूचकामुळे द्रावण किंचित गुलाबी होतं. तिथेच थांबायचं आणि किती अल्कली लागली ते वाचायचं.

धनेशने यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. तो फ्लास्कमध्ये आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवायचा आणि रंगाऐवजी आकडा बघायचा. आम्ल असेपर्यंत आकडा हळूहळू चढतो, संपत आलं की एकदम उडी मारतो. याला वेळ जास्त लागतो, म्हणून तो मोरा गावातल्या आपल्या घरून सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. शेजारच्या टेबलावरच्या उन्नतीला वाटायचं, हा जरा जास्तच काटेकोर आहे.

उन्हाळ्यात एका महिला गटाचं कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस, तपासायला आलं. त्यांची परदेशातली पहिलीच ऑर्डर होती. कंटेनर संध्याकाळी बंदरात जाणार होता, आणि गटाच्या प्रमुख चांगुणाबाई रिपोर्टसाठी बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

लॅबमधल्या दुसऱ्या केमिस्टने, मितेशने, टायट्रेशन, म्हणजे तीच थेंबाथेंबाची चाचणी, लावलं. आगळ मुळातच लालभडक. अल्कली पडत गेली तसं ते जांभळट झालं, मग करडं, मग हिरवट. त्यात गुलाबी कुठे शोधायचा? पाणी घालून पातळ केलं, तरी तेच. मितेशचं उत्तर एक आलं, उन्नतीचं दुसरं. लॅबच्या प्रमुख संध्या मॅडम स्वतः उभ्या राहिल्या, तर त्यांचं तिसरंच. चांगुणाबाई दारातून डोकावून गेल्या. अजून झालं नाही म्हटल्यावर पुन्हा बाकावर जाऊन बसल्या.

धनेश हे सगळं बघत होता. बोललं तर आपलं गुपित उघडं पडणार, कदाचित नोकरीही जाईल, हे त्याला कळत होतं. पण बाहेर बसलेल्या बाई त्याला दिसत होत्या.

"मॅडम, मी करतो," तो म्हणाला. "मला तसाही रंग दिसत नाही."

मॅडमनी वळून पाहिलं. धनेशने मग कॉलेजपासूनचं सगळं सांगून टाकलं. मितेशने हातातला फ्लास्क खाली ठेवला. तुझे रिझल्ट तर नेहमी बरोबर असतात, ते कसे, असं मॅडमनी विचारलं. त्याने मीटरचं सांगितलं.

"मग उभा काय राहिलायस? लाव मीटर," मॅडम म्हणाल्या.

त्याने मीटर तपासून घेतला आणि थेंब सोडायला सुरुवात केली. उन्नती आकडे मोठ्याने वाचत होती. बराच वेळ आकडा रेंगाळला, मग एका थेंबाला चढला, पुढच्याला उसळला. धनेशने नळी बंद केली. पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. उत्तर जवळजवळ तेच. मॅडम मनमोकळ्या हसल्या. रंगीत रसांसाठी पुस्तकातही हीच पद्धत दिलीय, डोळ्यांच्या सवयीपायी आपण तिघंही विसरलो, असं त्या म्हणाल्या.

आगळ उत्तम निघालं. रिपोर्ट हातात पडल्यावर चांगुणाबाईंनी धनेशच्या तोंडावरून हात फिरवला आणि कंटेनरवाल्याला फोन लावत जवळजवळ पळतच निघाल्या.

त्यानंतर जांभळाचा रस, चिंचेचा कोळ, सगळे रंगीत नमुने हक्काने धनेशकडे येऊ लागले. मितेश त्याच्याकडून ते शिकायला बसला. मीटरवरच्या कामाला आता हवा तेवढा वेळ मिळत होता, म्हणून धनेशची सकाळची धावपळ संपली. तो आता आईबरोबर चहा पिऊन निघायचा.

एका रविवारी त्याच्या आईने, गोजराने, अख्ख्या लॅबला मोऱ्याला जेवायला बोलावलं. ताटात तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. मॅडम धनेशचं कौतुक करायला लागल्या, तेव्हा तिने त्यांच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला.

"याचं काम काय हाय, मना नाय कलत," ती म्हणाली. "पन हल्ली हसत घरी येतो, तेवढं मना पुरं हाय."

धनेश लाजून पाणी आणायला उठला. उन्नतीने भाकरीचा तुकडा मोडला आणि बोंबलांची रेसिपी विचारली. गप्पांत परतीची बस चुकली, पण उठायची घाई कुणालाच नव्हती.