कपाटातला फुगा

मित्रांनो, मी एक जुना फुगा आहे. वाढदिवसाला भिंतीवर टांगतात तो नव्हे हं! मी जाड रबराचा, काळपट, मोसंबीएवढा. माझ्या एका टोकाला छोटासा गोल मास्क बसतो. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, श्वास घेत नाही, त्याच्या नाकातोंडावर तो मास्क घट्ट धरायचा आणि मला बोटांनी दाबायचं. बाळाच्या छातीत हवा जाते. एवढंच माझं काम. कोणी दाबलं नाही तर मी नुसता रबराचा गोळा.

मला कोणी बनवलं ते आठवत नाही. १९९३ साली मी नवी मुंबईतल्या एका प्रसूतिगृहात आलो. डॉक्टर अरविंद यांनी मला प्लॅस्टिकच्या बाहुलीवर चालवून दाखवलं. "बाळ रडलं नाही, की एका मिनिटात हा फुगा हातात पाहिजे. धपाटे नाहीत, उलटं धरणं नाही," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला छान वाटलं. छान वाटल्याचं मला आठवतं, म्हणून सांगतो.

जयमाला सिस्टर तिथल्या मुख्य. चिपळूणच्या, कामाला वाघ, वस्तू जिवापाड जपणाऱ्या. "नवी वस्तू आहे बाई, दहा जणींच्या हातात गेली की वाट लागेल," असं म्हणत त्यांनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, दोन गाठी मारल्या आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी त्यांच्या पर्समध्ये. तपासणीला साहेब यायचे. "फुगा आहे का?" "आहे ना, कपाटात आहे." "व्वा!" दोन वर्षं माझं असं कौतुक झालं. बहुतेक बाळं आपणहून रडतात, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. आणि रबराला कंटाळा येत नाही.

मग १९९५ सालची ती दुपार आली. जुईनगरची वैदेही पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिचा नवरा सुधीर रबाळ्याच्या कारखान्यात कामाला, तो बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. जयमाला सिस्टर पर्स घेऊन मीटिंगला दुसऱ्या इमारतीत गेलेल्या. खोलीत नर्स उन्नती आणि आया पुतळामावशी, दोघीच. बाळ जन्मलं. रडण्याचा आवाज आला नाही. मी कपाटात होतो, मला फक्त ऐकू येत होतं; बाकीचं मागाहून कळलं.

ठण ठण ठण! पुतळामावशी बाळाच्या कानाशी स्टीलचा ट्रे वाजवत होती. "आमच्या नावडे गावान असाच करतान! थाली वाजली का पोर रडतं!"

"मावशी, थाळी नको! फुगा पायजे, फुगा!"

"कपाटान हाय ना त्यो! चावी कुठं हाय?"

चावी मीटिंगमध्ये होती. बाहेरचं कोणीतरी धावत गेलं. उन्नती बाळाची पाठ चोळत होती, तोंड पुसत होती, त्याचं नाव नसल्यामुळे "बाबू, बाबू" म्हणत होती. बाळ निळं, लुळं. शेवटी पुतळामावशीने ऑक्सिजनच्या सिलिंडरचा लोखंडी पाना उचलला आणि कुलपावर घाव घातले. पाचव्या घावाला कुलूप तुटलं. पिशवीच्या गाठी दातांनी सोडाव्या लागल्या. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं झाली होती.

उन्नतीने मला दाबलं. छाती वर आली. पुन्हा दाबलं. बऱ्याच वेळाने बाळाला उचकी लागली आणि ते मांजरीच्या पिलासारखं बारीक रडलं. पुतळामावशी माझ्या चक्क पाया पडली. जयमाला सिस्टर धापा टाकत आल्या आणि पहिलं काय बोलल्या? "कुलूप कोणी फोडलं?" मग उन्नतीने सात मिनिटांचं सांगितलं. त्या खाली बसल्या. कोणी त्यांना उठवलं नाही.

त्या दिवसापासून मी बाळंतिणीच्या टेबलाशेजारी, उघड्यावर असतो. सिस्टर रोज सकाळी मला तळहातावर दाबून बघतात. रबराला भेगा पडू लागल्या आहेत.

१९९८ मध्ये वैदेही दुसऱ्या वेळी आली. बाहेर आजीच्या मांडीवर पार्थ होता, तेच पहिलं बाळ, आता तीन वर्षांचं. त्याने अजून मान धरली नव्हती. वैदेहीने सिस्टरांचा हात धरला. "सिस्टर, तुमच्या फुग्यामुळेच वाचला हो माझा पार्थ. मी सगळ्यांना सांगते."

सिस्टर म्हणाल्या, "वैदेही, फुगा कुलपात होता. चावी माझ्याकडे होती. सात मिनिटं त्याच्या मेंदूला हवा मिळाली नाही."

वैदेही ओरडली नाही. तिने सिस्टरांचा हात सोडला. मग तिने विचारलं, "आणि आता कुठाय?"

"हा बघ, इथे."

"मला दिसेल असा ठेवा."

मला तिच्या उशाजवळ ठेवलं. मुलगी झाली, खणखणीत रडली. माझी गरज पडली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेल.

मित्रांनो, तुमच्या शाळेत प्रथमोपचाराची पेटी असेल, जिन्याजवळ आग विझवायचं लाल नळकांडं असेल. ते कुठे आहे, चावी कोणाकडे आहे, आजच विचारा. जिवावर बेतल्यावर लागणारी वस्तू नवी राहिली नाही तरी चालते. माझं खोटं वाटत असेल, तर पार्थला विचारा असं म्हणालो असतो. पण त्याला बोलता येत नाही.