काचेखालची जाळी

चढावर दोन आचके खाऊन जीप बंद पडली, आणि त्याच क्षणी दत्तारामच्या मांडीवरचा तपासणीचा दिवाही विझला.

"थांब. चावी फिरवू नको," दत्ताराम म्हणाला.

जितेंद्रने हँडब्रेक खेचून धरला होता. "ब्रेक दगड झालो, काका. स्टिअरिंग पण हलणा नाय."

"इंजिन मेला काय दोघांचा बळ जाता. पण दिवो गेलो, बघितलंस? म्हणजे डिझेलचो दोष न्हय. करंट वाटेत मरता."

तळेरे नाक्यावर गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करण्यात दत्तारामचा जन्म गेला होता. माणूस तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकाने स्वतःच रोगाचं नाव सांगितलं, की तो म्हणे, "मगे तूच कर दुरुस्त." पण त्याचा एक नेम होता. वायरला दिवा लावून करंट पाहिल्याशिवाय तो कुणाला काही सांगत नसे. अंदाजाने बोलणाऱ्या कारागिरांचा त्याला मनापासून तिटकारा होता. म्हणून तर इंजिनाजवळच्या, करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेच्या पेटीतून वायर खिडकीपर्यंत ओढून, दिवा मांडीवर घेऊन तो आज गाडीत बसला होता.

जितेंद्र विजयदुर्गाहून तळेऱ्याला माणसं सोडायचा. गणपतीपासून गाडी अशी कुठेही मान टाकत होती. बॅटरी बदलून झाली, अल्टरनेटर बदलून झाला. गॅरेजात उभी केली की शहाण्यासारखी चालायची. आणि आज ती बंद पडली होती ती नेमकी त्या वळणावर, जिथून त्याचा थोरला भाऊ गुरुदास जीपसकट दरीत गेला होता. ब्रेक गेले असणार, असं तेव्हा सगळे म्हणाले. दुसरा मुलगाही त्याच वळणावर जाणार, या भीतीने त्यांची आई काशीबाई आता रात्र रात्र जागत होती.

दत्तारामने खाली उतरून बॉनेट उघडलं आणि पेटीवर हाताने थाप मारली. दिवा लागला.

"गाडी खंय उभी करतस रात्री?"

"खळ्यात. घराम्होरच."

"चल तर घराक."

खळ्यात पोचल्यावर त्याने पेटीचं झाकण काढलं. आत लाल मुंग्यांची रांगच लागली होती. रिलेच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडून खंगल्या होत्या आणि सगळ्यावर चिकट थर होता. दत्तारामने बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि थुंकला.

"गोड आसा. काय ओततास रे गाडयेर?"

जितेंद्र काही बोलायच्या आत काशीबाई ओटीवरून खाली आली. तिचा चेहरा एकदम उजळला होता, कोणीतरी तिच्या देवाची विचारपूस करावी तसा.

"मी ओततंय रे. नारळाचा पाणी. आदी सोमवारच्या सोमवार देवाक गाऱ्हाणा घालून ओती होतंय. बंद पडाक लागली तसा रोज ओततंय. हयसर, काचेच्या बुडात." तिने काचेखालची जाळी दाखवली. "तेच्या पाठी माझो झील बसता ना."

बाकीचे लोक नारळ चाकापुढे फोडून मोकळे होतात. काशीबाईची माया मोठी, तिने थेंब वाया जाऊ दिला नव्हता. गाडी जितकी बंद पडे तितके नारळ वाढत होते, आणि नारळ जितके वाढत तितकी गाडी बंद पडत होती.

दुसरं कोणी असतं तर दत्तारामने भर खळ्यात त्याचे वाभाडे काढले असते. इथे त्याला आवाज खाली आणावा लागला.

"काकी, जाळयेखाली ही पेटी आसा. तेचा रबर कुजला. पाणी आत जाता, मुंग्यो लागतत, पितळ सडता. गाडी तेच्यामुळे बंद पडता. दुसरा काय नाय. तासाभरात बरी करतंय."

जितेंद्रने सुटकेचा श्वास सोडला. काशीबाईने मात्र सोडला नाही. ती त्या मुंग्यांकडे पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "गुरुदासाच्या गाडयेर पण मी असाच ओती होतंय."

जितेंद्रने मान खाली घातली. दोन्ही जीप एकाच बनावटीच्या होत्या, हे त्याला माहीत होतं; आणि बंद पडलेल्या गाडीचा ब्रेक कसा दगड होतो, हे त्याने आजच पाहिलं होतं.

"दत्तारामा, तेचा पण ह्याच झाला?"

"नाय गो काकी. तेची पेटी आतल्या अंगाक होती. पाणी थंय पोचाचा नाय."

"तू बघितलं होतंस ती गाडी?"

गुरुदासची गाडी दत्तारामने आयुष्यात पाहिली नव्हती. दरीतून वर काढली तेव्हाही तो गेला नव्हता. त्याने हातातला दिवा फडक्यात गुंडाळला.

"बघितली होती," तो म्हणाला. "दिवो लावून बघितली होती."

काशीबाईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि ती आत गेली.

त्याने पट्ट्या घासल्या, नवे रिले बसवले, झाकणाला नवं रबर लावलं. एरवी काम करताना त्याची बडबड चालायची. आज पक्कड मागायलाही त्याने तोंड उघडलं नाही. काम संपल्यावर जितेंद्र त्याला तळेऱ्याला सोडायला निघाला. दोघे गाडीत बसले, तेवढ्यात काशीबाई बाहेर आली. तिच्या हातात नारळ नव्हता.

ती गाडीपुढे उभी राहिली आणि वाकून पदराने काचेखालची जाळी पुसू लागली. एकेक फट, बोट घालून. जाळी केव्हाच कोरडी झाली होती. काचेमागे दत्ताराम खाली मान घालून बसला होता. ती पुसत राहिली, आणि तिचं होईपर्यंत जितेंद्रने चावी फिरवली नाही.