पहिल्या लॉटची रायफल आणि अक्षतेचा दाणा

मित्रांनो, ‘तू कोण’ असं मला कुणी विचारलं, तर माझी पंचाईत होते. मी रायफल आहे, एवढं नक्की. पण विदेशी म्हणावी तर माझा चाप आणि दस्ता इथलेच, अमेरिकेतले. जुनी म्हणावी तर माझ्यापेक्षा म्हाताऱ्या रायफली लोक अजून कौतुकाने वापरतात. आणि चांगली की वाईट म्हणाल, तर त्यावरूनच घरात सगळं रामायण घडलं. ते मला आजही नीट उमगलेलं नाही, पण जमेल तसं सांगते.

माझा जन्म युरोपातल्या एका डोंगराळ गावात, कारखान्यात झाला. तिथे माझी नळी घासली, अंगावर लॉटचा शिक्का मारला आणि बहिणींसकट मला खोक्यात घालून बोटीवर चढवलं. लॉट म्हणजे एका खेपेत तयार झालेला माल. मी पहिल्या लॉटची. अमेरिकेत उतरल्यावर परदेशी बंदुकीत काही भाग इथलेच हवेत, या कायद्यापायी माझे काही भाग काढले आणि इथले बसवले. तेव्हापासून माझं माहेर कोणतं आणि सासर कोणतं, हेच मला कळेनासं झालं. मी सेमी-ऑटोमॅटिक आहे. चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामं काडतूस मी स्वतः बाहेर फेकते आणि पुढचं स्वतःच आत घेते. एवढं एकच काम मला येतं, पण ते मी मन लावून करत आले.

मला विकत घेतलं ॲन आर्बर शहरातल्या राजारामकाकांनी. काका मूळचे सांगलीचे. इथे मोटारींचे सुटे भाग तपासण्यात त्यांचा जन्म गेला. घरी आलेला टोस्टरसुद्धा ते उलटा करून आधी शिक्का वाचायचे. त्यांचं एक वाक्य होतं, ते मी इतक्या वेळा ऐकलंय की मलाही पाठ झालंय. “फायनल इन्स्पेक्शन झाल्यावर मालाला कुणी हात लावायचा नाही. ब्रह्मदेव आला तरी नाही.”

काकांची मुलगी इला मलाच हातात घेऊन नेम धरायला शिकली. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, काका तिच्या मागे उभे राहायचे. “बोट चापाबाहेर. श्वास सोड. आता हळू ओढ,” असं म्हणायचे. इला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि गोळी बरोबर मध्यभागी लागली की मराठीत किंचाळायची, “बाबा, बघा बघा!” तेव्हा काका मला थोपटायचे. “पहिला लॉट आहे हा! असा माल परत होणे नाही.” खरं सांगते, मी फुशारून जायचे.

मग इलाचं लग्न देवांगशी झालं. देवांग इथेच जन्मलेला, तोंडाने गोड, पण वादाला पक्का. लहानपणापासून ओळख असल्याने तो सासऱ्यांना अजून काकाच म्हणतो. त्याच्याकडेही एक रायफल निघाली. कारखाना तोच, घडण तीच, फक्त लॉट तिसरा! म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण.

“तिसऱ्या लॉटमध्ये त्यांनी घाई केली,” काका म्हणाले. “इंटरनेटवर सगळे तेच लिहितात.”

“काका, ऑनलाइन लोक काहीही लिहितात यार,” देवांग म्हणाला आणि लगेच जीभ चावली. “सॉरी. पण ॲक्च्युअली थर्ड लॉटमध्ये त्यांनी जुने प्रॉब्लेम्स फिक्स केलेत. तुमचा फर्स्ट लॉट म्हणजे प्रॅक्टिस होती.”

प्रॅक्टिस! सासऱ्याच्या घरात बसून, सासूच्या हातची पुरणपोळी खात, जावई असं बोलला. काकांचा चेहरा पडला. माझं तर डोकंच चालेना.

शेवटी इलानेच अट घातली. “नव्या घरात एकच रायफल राहणार. टू इज टू मच. दोन्हींची टेस्ट करा. जी जिंकेल ती माझ्या कपाटात, दुसरी दुकानात, विकायला.”

इलाचं कपाट की अनोळखी दुकान, हे एका सकाळवर ठरणार होतं. काकांनी त्यासाठी दसऱ्याचा मुहूर्त धरला.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी मला सकाळीच उघडलं. प्रत्येक भाग पुसला, तेल दिलं, उजेडात धरून पाहिलं आणि माझ्या गळ्यात हिरवी चिठ्ठी अडकवली. पास! नंतर इलाच्या आईने, सुमित्राकाकूंनी, दिवाणखान्यात पाट मांडला. त्यावर काकांची मापं, पान्हे, काकूंचा मिक्सर, इलाचा लॅपटॉप आणि मधोमध मी. आपटा इथे मिळत नाही, म्हणून काकू मेपलची लाल पानं घेऊन आल्या होत्या. दरवर्षी हे असंच चालायचं. फक्त त्या वर्षी इला म्हणाली, “बाबा, घरी लोक येणार, मुलं येणार. बोल्ट ओपन ठेवा ना. रिकामी आहे हे सगळ्यांना दिसलं पाहिजे.”

बोल्ट म्हणजे माझ्या तोंडाचं झाकण. ते मागे सरकवून ठेवलं की मी रिकामी आहे हे दुरूनही कळतं. काकांना ते पटलं. मी तोंड आ वासून पाटावर पडले. काकांनी हळदकुंकू वाहिलं, गंध लावलं, हात जोडले आणि ओंजळभर अक्षता टाकल्या. मला किती धन्य वाटलं म्हणून सांगू! आत कुठेतरी काहीतरी टोचलं खरं, पण पूजेत थोडं टोचायचंच, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी रेंजवर बहीण माझ्या शेजारी टेबलावर होती. तिने आधी नेम साधले. एकामागून एक, बिनतक्रार. मग इलाने मला उचललं. पहिली गोळी झकास लागली, पण रिकामं काडतूस बाहेर पडेना. मी जीव खाऊन ओढलं. काडतुसाला धरून बाहेर खेचणारा जो आकडा माझ्या बोल्टच्या टोकाशी आहे, तो बसतच नव्हता. इलाने काडतूस हाताने काढलं, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. अहो, मी तीच, काम तेच, हात तेच, मग होतंय काय? मला काही म्हणजे काही कळेना.

देवांग खाली वाकून बहिणीची रिकामी काडतुसं वेचू लागला. तेवढा शहाणपणा त्याने दाखवला.

काकांनी मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हिरवी चिठ्ठी काढून खिशात घातली आणि म्हणाले, “रिजेक्ट. देवांग, तुझा लॉट चांगला. माझंच चुकलं.”

मित्रांनो, लोकांनी नावं ठेवली तर माणूस सहन करतो. पण ज्याने पूजा केली त्यानेच रिजेक्ट म्हटलं, तेव्हा मला फार फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर काका मला दुकानात न्यायच्या पेटीत ठेवू लागले. इला आडवी आली. “बाबा, फॅक्टरीत तुम्ही कधी न उघडता रिजेक्ट केलंत?”

“सगळ्यांदेखत नापास झाली ती. आणखी काय बघायचंय?”

“बघायचंय. तुम्हाला लाज वाटली म्हणून तुम्ही उघडत नाही आहात. दॅट्स नॉट फेअर टु हर.”

काकांनी पेटी बाजूला सरकवली. इलाने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि माझा बोल्ट बाहेर काढला. आकड्याच्या खाली सुईचं टोक घातलं, आणि टप्पकन एक दाणा चादरीवर पडला. कुंकवाने लाल झालेला, वाळलेल्या गंधाने चिकटून बसलेला तांदूळ.

“अगंबाई!” काकू तोंडावर हात ठेवून म्हणाल्या. “या तर आपल्याच अक्षता!”

देवांगला हसू आवरेना. काकांनी दाणा तळहातावर घेतला. उजेडात धरून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाले, “इन्स्पेक्शन झाल्यावर हात लावला. मीच लावला.” आणि माझ्या दस्त्यावर हात ठेवून म्हणाले, “चुकलो गं बाई.”

पुढच्या रविवारी पुन्हा टेस्ट झाली. मी आणि बहीण, दोघी अगदी सारख्या निघालो. काकांनी आम्हा दोघींच्या गोळ्यांची भोकं पडलेले कागद उन्हात धरले, वरखाली केले आणि कबूल केलं की पहिला काय, तिसरा काय, फरक सापडत नाही. “मग मी माझीच ठेवते,” इला म्हणाली. “जिच्यावर शिकले ती.” देवांगने मान डोलावली आणि बहिणीला पेटीत ठेवलं. ती कुठेच नापास झाली नव्हती, तरी घराबाहेर गेली. मी जिंकले म्हणू की काय म्हणू? अजून कळत नाही. कुलूपबंद कपाटात शेजारची जागा रिकामी दिसली की जीव कासावीस होतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मित्रांनो. माझ्यासारखी कुठे दिसली तर हात लावू नका, सरळ मोठ्यांना बोलवा. आणि कुणाचंही काम अडलं तर त्याचं खानदान काढण्याआधी, त्याच्या पोटात काय टोचतंय ते उघडून बघा. कदाचित ते आपणच लाडाने टाकलेलं असेल.

यंदाची खंडेनवमी इलाच्या नव्या घरी झाली. पाट मांडला, मेपलची पानं ठेवली, माझा बोल्ट उघडा. काकांनी अक्षतांची मूठ उचलली. मी श्वास रोखला. मूठ माझ्यावर आली, थबकली, बाजूला वळली, आणि काकांनी त्या साऱ्या अक्षता इलाच्या डोक्यावर टाकल्या.