केशरबाईच्या घरचं बोंडलं

मी बोंडलं. तान्ह्या पोराला पाजायचं, चोच असलेलं चांदीचं भांडं. आजवर दुसऱ्यांच्या तोंडात गेलो, आज जरा आपलं तोंड उघडतो.

जालन्याच्या सराफ्यात एका सोनारानं मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हापासून केदारखेड्याला केशरबाईच्या घरी मुक्काम. या घरातले मिशीवाले सगळे माझी चोच चोखून वाढलेत. आज पारावर छाती काढून बोलतात. मला मात्र त्यांचं बोळकंच दिसतं.

घरची रीत अशी. बाळंतिणीचं पहिलं पिवळं, घट्ट दूध म्हणजे चीक. तो बाळाला जड, म्हणून पिळून सांडायचा. तीन दिवस माझ्यातून गुळाचं पाणी पाजायचं. अन् पहिला थेंब ज्याच्या हातचा, त्याचा गुण पोरात उतरतो म्हणे. म्हणून तो मान सोडायला कुणी तयार नसतं.

दैवशाला या घरची सून. तिची थोरली, राजनंदिनी, अशीच गुळाच्या पाण्यावर ठेवली. मंग आईनं पाजायला घेतली, तर पोरीनं तोंडच फिरवलं. माझी चोच सोपी, वर गोड. दैवशालाचं दूध आटलं, पोरगी डब्याच्या दुधावर वाढली. या खेपेला दैवशालानं दवाखान्यात जायच्या आधीच सासूला सांगितलं की पोराला पहिल्यापासून मीच पाजणार. केशरबाईनं मान डोलावली, अन् मला गुपचूप कनवटीला खोचलं.

पोरगा झाला. शहाजादी सिस्टर त्याला पुसून राह्यली होती. केशरबाईनं मला काढून गुळाचं पाणी भरलं, तेवढ्यात टेंभुर्णीहून आलेली दैवशालाची आई, दुर्गाबाई, आडवी आली.

"पहिला थेंब माझ्या हातचा, विहीणबाई."

"तुमच्या? मंग पोरगं दुपारपस्तोर झोपायचं."

"अन् तुमच्या हातचा पेलं तर गल्लीभर भांडायचं."

एकीनं मला चोचीकडून धरलं, दुसरीनं बुडाकडून. मी निसटलो. चुकून नव्हे. गडगडत खाटेखाली, पार भिंतीला. पाणी फरशीवर. दोघी विहिणी गुडघ्यांवर, डोकी खाटेखाली, एकमेकींना सरका सरका म्हणतात. लई मजा.

वर शहाजादीनं बाळ दैवशालाच्या छातीशी लावलं. त्यानं शोधलं, चुकलं, पुन्हा शोधलं, अन् धरलं.

मला घेऊन केशरबाई उठली, ती बघतच राहिली. "अगं, चीक हाय तो. पचायचा न्हाई त्याला."

दैवशालानं बाळावरची नजर काढली नाही. "मागल्या महिन्यात म्हैस व्याली, आत्या. तिचा चीक आधी रेडकाला पाजला तुम्ही. उरला त्याचा खरवस ताटभर खाल्ला. रेडकू बी बराबर हाय, तुम्ही बी."

दुर्गाबाईनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. केशरबाईनं वाकून पाहिलं. बाळाचा गाल आत-बाहेर होत होता.

"ओढतंय का नीट?"

"ओढून राह्यलंय."

केशरबाईनं मला खिडकीत ठेवलं, अन् सुनेच्या कोपराखाली उशी सरकवली.

आता मी वरच्या फळीवर, रांगोळीनं घासलेला, रिकामा बसलोय. बायांनो, मला मोडीत घालू नका. पोराला सहा महिने होऊ द्या, वरणाच्या पाण्याला बोलवा, चकचकीत येतो. पहिल्या दिवशी बोलावलंत तर पुन्हा खाटेखाली जाईन. गुडघे तुमचेच दुखतील, माझं काय जातंय.