डाव्या हाताची ओळ

"राहू दे गं पोरी. माझं डोकंच कामातून गेलंय," असं म्हणत सासऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कंपनीला कळवून टाकतो, दुसरा माणूस बघा म्हणावं."

मी बायकोकडे बघितलं. पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं मराठीत आणायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सासूबाई गेल्यावर तेच त्यांना धरून होतं. ते सुटलं तर हा माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसणार. आणि आजचं पुस्तक संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं.

त्यांचा जुना कम्प्युटर जळाला, म्हणून आम्ही कालच नवा आणला होता. बायको मात्र निवांत होती. तिचा सगळा भरवसा एका फाईलीवर. अक्षर केवढं हवं, पडद्याचा रंग कोणता, कुठली कळ दाबली की काय उघडायचं, सगळं तिनं त्या फाईलीत लिहून ठेवलेलं. यंत्र बदललं तरी फाईल चढवायची, की संसार जागच्या जागी. हातानं काही इकडचं तिकडे केलंत, तर पुढच्या खेपेला फाईल आपलंच खरं करते.

"अगदी तुझ्यासारखी," मी म्हणालो होतो. काल चहा मलाच करावा लागला.

"बाबा, होतंय तरी काय?" बायकोनं विचारलं.

"शब्द धरायला जावं तर भलतीच यादी उघडते. यादी हवी तर उघडत नाही. सकाळपासून झटतोय."

"उठू नका, मी बघते." ती त्यांच्या उजवीकडच्या खुर्चीत बसली, माउस स्वतःकडे ओढला आणि भराभर शब्द धरून दाखवले. "चालतंय की सगळं!"

सासऱ्यांचा चेहरा पार उतरला. "म्हणजे मीच बिघडलोय."

"असं काय बोलता हो! करा बरं परत, माझ्यासमोर."

त्यांनी माउस उचलला, कीबोर्डच्या डाव्या अंगाला ठेवला आणि त्यावर डावा हात टेकवला. बायको बघतच राहिली.

"बाबा, तुम्ही कधीपासून डावखुरे?"

"मी कसला डावखुरा! माउस तुझ्या आईचा ना."

सासूबाई डावखुऱ्या. दोघं शेजारी शेजारी बसून काम करायचे. डावीकडे त्या, माउस धरून चुका शोधत; उजवीकडे हे, टाइप करत आणि भांडत. फाईलीत माउसच्या दोन कळांची अदलाबदल करून तो डाव्या हाताचा करणारी एक ओळ होती. काल फाईल चढवताना बायकोनं ती पुसली. आता डावखुरं घरात कोण आहे, असं तिला वाटलं.

"ती गेल्यावर मी तिच्या खुर्चीत बसून तिच्या हातानं शिकलो," सासरे म्हणाले.

"बाबा, पण उजव्या हातानं किती सोपं गेलं असतं!"

"गेलं असतं. मला नको होतं."

बायकोचे डोळे भरून आले. तिनं फाईल उघडली, ती ओळ परत लिहिली आणि त्या ओळीच्या वर एक सूचना घातली: ही ओळ कधीही काढायची नाही. मग फाईल पुन्हा चढवली.

सासऱ्यांनी डाव्या हातानं कळ दाबली. शब्द मुकाट्यानं धरला गेला.

"अरे वा! डोकं शाबूत आहे म्हणायचं!"

"तुमचं होतंच शाबूत," मी म्हणालो. "तुमच्या लेकीचा आगाऊपणा नडला." लेकीनं मला कोपरानं ढोसलं आणि स्वतःच चहा टाकायला गेली.

मग त्यांनी जो सपाटा लावला! मधूनच "हा शब्द कुठल्या गाढवानं घातला?" म्हणून ओरडायचे, आणि तो शब्द त्यांचाच निघायचा. ऊन उतरायच्या आत पुस्तक रवाना झालं आणि लगेच पुढचं उघडलंसुद्धा.

चहाचा ट्रे ठेवायला टेबलाशी जागा नव्हती. उजवीकडची रिकामी खुर्ची मी बाजूला सरकवायला लागलो.

"ती तिथंच असू द्या, जावईबापू," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "तिथं मी बसतो."