खाली उभा राहणारा

ओल्या सिमेंटचा थंड, कच्चा वास आला की माझ्या कानात आधी एक ठोका पडतो. ठक्. मग क्षणभर शांतता, आणि पुन्हा ठक्. वर मिक्सरची घरघर, हातोहात सरकणारी घमेली, माणसांचा कल्लोळ. आणि त्या साऱ्या कोलाहलाच्या तळाशी, लाकडी टेकूंच्या दाट रानात, हातोडीने पाचरी घट्ट करत फिरणारे माझे बाबा. टेकूंवरच्या लोखंडी प्लेटांच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा त्यांच्या पाठीवर उतरायच्या, ते पुढे सरकले की मागे निसटायच्या. बाहेरून त्यांचं एवढंच दर्शन व्हायचं.

स्लॅबखाली टेकू-प्लेटा उभारणाऱ्या सेंटरिंगवाल्यांत तेव्हा एक रीत होती. ज्याने टेकू लावले, त्यानेच स्लॅब भरून होईस्तोवर खाली उभं राहायचं. कुठे लिहिलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. ओलं काँक्रीट म्हणजे नुसता भार. स्वतःचं बळ त्याला अजून यायचं असतं. तोवर त्याला टेकू उचलून धरतात, आणि टेकूंना जपतो तो खाली उभा राहणारा. त्याचा ठोका ऐकू आला की वरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. आईचा मात्र पडायचा नाही. स्लॅबच्या दिवशी मालकाकडून कामगारांना मटणाचं जेवण असे आणि ते रांधायला आई जायची. वाटण तयार, पातेलं तयार, पण चूल थंडगार. कुणी घाई केली की ती फणकारायची, "आधी मानूस भायेर येऊ दे, मंग तुमचा मटन!"

तिच्या भीतीला कारण होतं, आणि ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. बाबांना जवळजवळ ऐकू येत नसे. उमेदीची सगळी वर्षं भिवंडीतल्या कामतघरच्या लूमवर, यंत्रमागावर गेली होती आणि त्या अखंड खडखडाटाने त्यांचे कान नेले होते. लूमवर माणसं हातांनीच बोलतात. बोटं ओठांशी नेली की चहा, मनगटावर टिचकी मारली की शिफ्ट संपली, आणि मूठ छातीशी ओढली की लूम बंद कर, आत्ताच्या आत्ता. टेमघरच्या आमच्या दोन खोल्यांत हीच भाषा नांदत होती. आईबाबांची भांडणंसुद्धा निःशब्द व्हायची, आणि शेजारी म्हणायचे, किती गुण्यागोविंदाने राहतात! पुढे लूम बंद पडत गेले, बाबा सेंटरिंगला लागले, आणि बहिरेपण त्यांनी गुपचूप बरोबर नेलं. तळहात टेकूवर ठेवून ते लाकडाची थरथर जोखायचे, समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे. साइटवर सगळ्यांना वाटे, दामूभाऊ मितभाषी आहेत. कसले मितभाषी! घरी एकदा हात सुटले की आवरायचे नाहीत. पण बहिऱ्या माणसाला स्लॅबखाली कोण उभं करणार? काम जाईल, या एका धाकाने आम्ही तोंड मिटून होतो.

आता मी शाळेत शिकवते. बांधकाम हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा आधारस्तंभ आहे, असं मुलांना सांगावं लागतं. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवरची माणसंही तेच वाक्य घोळवून घोळवून म्हणतात. खोटं नाही ते. भिवंडीत ते कुणाला शिकवावंही लागत नाही. स्लॅब थांबले की खडीचे ट्रक रांगेत उभे राहतात, वीटभट्टीचा धूर मंदावतो, सिमेंटवाल्याच्या दुकानात माश्या घोंघावतात, खानावळीतली पातेली पालथी पडतात आणि रिक्षावाले दिवसाउजेडी झोपा काढतात. भाताच्या खाचरांवर उभ्या राहिलेल्या या गोदामांत अख्ख्या देशाचा माल येऊन पडतो नि पुढे जातो. सगळं कबूल. फक्त स्तंभ म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे सिमेंट येत नाही, घामाने भिजलेली एक पाठ येते. त्याला मी काय करू?

ती दुपार वैशाखातली. खारबावच्या वाटेवर, भरणी टाकून बुजवलेल्या शेतात, एक गोदाम उठत होतं. रविवार होता, म्हणून मी आईच्या मदतीला गेले होते. स्लॅब निम्म्याहून जास्त भरला होता आणि एकाएकी मिक्सर थांबला. वरून मुकादमाची किंकाळी आली, "दामूभाई, निकलो! नीचे से निकलो!" एका कोपऱ्यात ओलं काँक्रीट बशीसारखं खचत चाललं होतं. वरची माणसं घमेली टाकून शिडीकडे पळाली. खाली उतरून सगळे एका सुरात ओरडू लागले.

आणि आतून आवाज आला. ठक्.

आजवर ज्या आवाजाने सगळ्यांना धीर दिला, तोच आता काळीज चिरत होता. बाबा आमच्याकडे पाठ करून पाचर ठोकत होते. "सुनता क्यों नहीं?" मुकादम कपाळावर हात मारून घेत होता. आईने माझ्याकडे पाहिलं. चुलीपाशी पितळेची परात होती. मी ती उचलली, टेकूंच्या कडेला धावले आणि परातीवर ऊन झेलून त्याचा कवडसा बाबांच्या समोरच्या टेकूवर फेकला. कवडसा ठरेना, म्हणून मी परात गुडघ्यावर टेकवून धरली. आत कुठेतरी पाणी ठिबकत होतं, आणि लाकूड करकरत होतं.

बाबा वळले. मी मूठ छातीशी ओढली. त्यांनी तळहात दाखवला, थांब, आणि पुन्हा पाचरीवर हातोडी उगारली. असा संताप आला मला! मी मूठ ओढत राहिले, पुन्हा पुन्हा, छाती दुखेपर्यंत. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. हातोडी तशीच धरून, वाकून, ते धावत बाहेर आले. त्यांच्यामागे तो कोपरा कडाडून खाली बसला.

आई त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी बुक्के मारत रडत होती. बाबांनी तिला मारू दिलं. मग माझ्याकडे बघून, स्वतःच्याच आवाजाचा अंदाज नसलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांदेखत विचारलं, "पानी वाजत व्हता का गो आत?"

कोपऱ्यात रचलेल्या गोण्यांमागे पाण्याचा पाइप फुटला होता. सकाळपासून ठिबकून भरणी भिजली होती आणि टेकू खचले होते. कान असलेल्या कुणालाही तो आवाज सहज आला असता. मुकादम, मालक, सगळे आमच्याकडे बघत होते. बाबांचे डोळे माझ्या ओठांवर होते.

"व्हय बाबा," मी म्हणाले. "वाजत व्हता."

त्यांनी मान हलवली आणि हातोडी वाळूच्या ढिगावर हलकेच ठेवली. त्यानंतर ते कुठल्याच स्लॅबखाली उभे राहिले नाहीत. कुणी उभं केलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. आईने मात्र डोळे पुसले आणि चूल पेटवली. माणूस बाहेर आला होता ना!

पुढची वर्षं बाबा घरीच असत. कधी गोदामांच्या रस्त्याने फिरायला गेले, तर एखाद्या भिंतीवर तळहात टेकून बराच वेळ उभे राहत. छताला बळ आलं की टेकू काढून नेतात, आणि छत आपलं उभंच राहतं. आम्हीही राहिलो, मागे. भरलेल्या ट्रकांची धूळ खात त्या रस्त्याने शाळेत जाताना अजून मधूनच तो ठोका ऐकू येतो, आणि मी उगाच थांबते. त्या दुपारी माझ्या एका खुणेवर बाबा काळोखातून परत आले होते. शेवटी इस्पितळात त्यांचा श्वास मंदावत गेला, तेव्हाही मी त्यांच्या खाटेपाशी उभी राहून मूठ छातीशी ओढत होते, पुन्हा पुन्हा. त्या वेळी मात्र त्यांनी वळून पाहिलं नाही.