लॅमिनेशनच्या दारातून परतलेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. मित्रांनो, जुना म्हणजे किती? चांगला साडेतीनशे वर्षांचा! चिंध्यांच्या लगद्यापासून माझा कागद झाला आणि ॲमस्टरडॅमच्या एका छापखान्यात तांब्याच्या पत्र्यावरून मी हिंदुस्थान होऊन बाहेर पडलो. नवे देश शोधत निघालेल्या जहाजांच्या गोष्टींचे तेव्हा लोकांना भारी वेड. मी मात्र जहाजावर नव्हे, एका व्यापाऱ्याच्या जाडजूड पुस्तकात बसून होतो. पाहुणे आले की माझे पान उघडत आणि तोंडभर कौतुक करत. पुढे ते पुस्तक फाटले, पाने विकली गेली. कुणा साहेबाच्या पेटीतून मी इकडे आलो आणि तिच्या तळाशी विसरला गेलो.

अकोल्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला जानरावांनी हुडकले. आसेगावला भाजीपाला पिकवणारे हे गृहस्थ असे छापील नकाशे जमवतात. रविवारी दार लोटून, भिंग घेऊन ते माझ्या किनाऱ्यांवरून फिरत. त्यांची बायको प्रयागबाई दारातून डोकावून विचारी, "एवढं काय पाहून राह्यले?"

"तुले नाई समजत. हात नको लावू," एवढेच उत्तर. मला प्रयागबाईंचे फार वाईट वाटे.

यंदा मला ठेवलेल्या कपाटामागच्या भिंतीला ओल आली. "पानी लागलं का गेला हा नकाशा," जानराव कळवळून म्हणाले. प्रयागबाईंनी ते ऐकले. नातवाची मार्कलिस्ट, आधार कार्ड, सातबारा, जपायचे ते सारे त्या लॅमिनेशन करून आणत. जानराव शेतात गेल्यावर त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मंगरुळपीरची बस धरली.

तिथल्या लॅमिनेशनच्या दुकानातले यंत्र तापले. माझ्या तोंडचे पाणी पळाले! पण दुकानातल्या वैभवीने मला हातात घेतले आणि ती थबकली.

"काकू, लय जुना दिसते हा. गरम प्लास्टिक चिकटलं का मंग निंगत नाई. काकाले इचारलं का?"

प्रयागबाईंचा चेहरा उतरला. "नाई वं. त्याईले खूश कराचं होतं."

घरी जानराव अख्खे कपाट उपसून बसले होते. मला पाहताच त्यांचा जीव भांड्यात पडला, पण हकीकत ऐकून ते भडकले. "काहून नेला? कोनं सांगतलं होतं तुले?"

"कोनीच नाई सांगतलं," प्रयागबाई म्हणाल्या. "तुमी तं पाहूच देत नाई. कसा जपाचा, मले कसं समजन?"

जानरावांनी टेबल मोकळे केले. मग त्यांनी मला टेबलावर पसरले आणि भिंग बायकोच्या हाती दिले. प्रयागबाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"आपलं आसेगाव कुठी हाये यात?"

जानरावांनी माझ्या मधोमध छापलेल्या हत्तीच्या चित्राकडे बोट दाखवले. "इथं. छापनाऱ्याले इकडलं काई माईत नोतं, म्हून त्यानं हत्ती काढून देल्ला."

"माईत नोतं तं कोनाले इचारा लागत होतं!" प्रयागबाई फणकारल्या आणि मग दोघेही पोट धरून हसले. मलाही हसू आवरेना.

मित्रांनो, तुमच्या घरी असा जुना कागद असेल तर त्याला ओलीपासून दूर ठेवा, प्लास्टिकात कोंडू नका. आणि एक विनवणी. घरातल्या सगळ्यांना जवळ बोलावून आम्हाला दाखवा. ज्याने आम्हाला कधी पाहिलेच नाही, तो आम्हाला जपणार तरी कसा?